सोळा मिलिमीटरची चौकट

६ डिसेंबर १९८१, रविवार. सकाळी ८.
संकल्प: मूळ फिल्मला ब्लेड लावायचं नाही. लावलं तर नावाचा ड्राफ्ट्समन नाही.
सासूबाईंना जाऊन वर्ष झालं. त्यांचा रंगीत फोटो एकच, माझ्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातला. सटाण्याचं खळं, कांद्याचा ढीग, कडेला त्या, ढिगावर हात टेकून. डाव्या डोळ्यासाठी एक स्लाइड, उजव्यासाठी दुसरी. व्ह्यूअरमधून पाहिलं की माणूस समोर बसलेला दिसतो. फक्त दोन्ही स्लाइड मास्कमध्ये, म्हणजे दोन खिडक्यांच्या चौकटीत, अचूक बसायला हव्यात.
सासरे नाना पुढच्या रविवारी खास बघायला येतायत. मालिनी म्हणते, साध्या पुठ्ठ्यात चिकटवा, आईचा चेहरा दिसला म्हणजे झालं. पुठ्ठा! शिव शिव.

८ डिसें. मंगळवार.
मास्क तीन प्रकारचे: दूरचा, मधला, जवळचा. जवळच्याची खिडकी सगळ्यात अरुंद. कांदे जवळ, म्हणून जवळचा. सोळा मिलिमीटर. ड्रॉइंग मीच काढलं, मीच चेक केलं, मीच पास केलं. सातपूरहून, कंपनीतून, पातळ पत्रा आणला.

१० डिसें. गुरुवार. संध्याकाळी ६.
मास्क तयार. काय काम झालंय! फिल्म मात्र पत्र्याच्या घडीत मावत नाही, फुगते. दोष फिल्मचा.
आमचा टर्नर झुंबर म्हणाला, साहेब, खिडकी मोठी करा की, फिल्मला कशाला छळता. पंधरा वर्षं टूलरूममध्ये काढून ही अक्कल! ड्रॉइंग पास झालं की जॉब ड्रॉइंगप्रमाणे होतो.

११ डिसें. शुक्रवार. सकाळी ६.३०.
फिल्मच्या कडेचा एक मिलिमीटर काढला. हे कापणं नव्हे, फिनिशिंग. सासूबाईंची पाठ गेली. पाठीकडे कोण बघतं?
७.१०. डावी जास्त गेली, म्हणून उजवी कापली. मग उजवी जास्त गेली. म्हणून डावी. अंबाडा गेला. चेहरा शाबूत.
मालिनीनं विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, होतच आलंय. दार लावून घेतलं.

१२ डिसें. शनिवार. संध्याकाळी ५.
फिल्म आता फक्त तीन मिलिमीटर जास्त. त्यातच नेमका चेहरा. मालिनीनं दोनदा दार वाजवलं.
पुस्तक म्हणतं, चौकटीला चिकटलेली जवळची वस्तू डोळ्यांना खुपते. सासूबाई चौकटीलाच चिकटल्यात. म्हणजे शास्त्रच सांगतंय, कापा.
५.२०. बसली! सपाट, घट्ट. एक नंबर.

१३ डिसें. रविवार.
नाना व्ह्यूअर डोळ्याला लावून बराच वेळ बसले. त्यांच्या अहिराणीत म्हणाले, जावईबापू, कांदा उचलून घ्यावा असा शे. मी म्हटलं, मास्कची कमाल. मग त्यांनी विचारलं, अन् ती कोठे शे? मी चौकटीचं शास्त्र सांगायला घेतलं. नाना ऐकत नव्हते. कांद्यांवरचा हात त्यांना सापडला होता. म्हणाले, हाऊ हात तिनाच शे.
मालिनी उठली. कचऱ्याच्या डब्यातून चेहऱ्याच्या नखाएवढ्या दोन कापट्या शोधल्या, पुठ्ठ्याला दोन भोकं पाडली, सेलोटेपनं चिकटवल्या. पाच मिनिटं लागली. डावी कुठली, उजवी कुठली, तिनं मला विचारलं. मला सांगता येईना.
नानांनी पुठ्ठा उजेडासमोर धरला आणि रडायलाच लागले. मग तो रुमालात गुंडाळून दुपारच्या एस.टी.नं गेले.
मास्क इथंच राहिला. आत्ता परत मोजला. बरोबर सोळा आहे. मालिनीचंच बरोबर होतं. मला भयंकर लाज वाटतेय.