बाईंनी मागितलेलं पाणी

बाई,

आज महालय अमावास्या. कॉलेजला सुट्टी आहे, लायब्ररीची किल्ली माझ्या पर्समध्ये पडून आहे, आणि इथे विद्यानगरात आमच्या समोरच्या गच्चीवर शेजारचे काका केळीच्या पानावर भात ठेवून सकाळपासून कावळ्याला हाका मारताहेत. कावळा काही येत नाही. दरवर्षी त्यांचं असंच होतं आणि दरवर्षी मी खिडकीतून बघून मनातल्या मनात हसते. यंदा हसू आलं नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुमच्या मते तुम्ही ही बारा वर्षं तहानलेल्या असणार. माझ्या मते तुम्ही कुठेच नाही, आणि तसं असेल तर मी हे कुणाला लिहायला बसले आहे ते मलाच कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही असतात तर समासात लाल शाईने लिहिलं असतंत, ‘विचार स्पष्ट नाही.’

मी सातवीत असताना अप्पा मला तुमच्या घरी घेऊन आले होते. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, तुम्ही आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या. इस्त्रीचा सदरा घालून, चपला फाटकाबाहेरच काढून ते अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, ‘पोरगी मराठी लिहिताना मधनंच कन्नडात जाती बाई, तेवढं दुरुस्त करून द्या.’ तुम्ही म्हणालात, ‘हुबळीत राहून मीसुद्धा जाते की. शनिवारी दुपारी पाठवत जा. आणि त्या चपला आत घ्या, कुत्रं नेतं.’ तेव्हापासून पाच वर्षं माझी शनिवारची दुपार तुमच्या स्वयंपाकघरात गेली. वर्गात तुमचा खडूचा नेम कधी चुकला नाही, पण घरी तुम्ही ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटत असायच्या आणि मी खाली पाटावर बसून निबंध वाचून दाखवायचे. तुम्ही प्यायच्या त्याच कपांतल्या एका कपात मला चहा मिळायचा. आईला याचं फार अप्रूप. ‘आत बसवत्यात व्हय गं? पार चुलीपाशी?’ असं ती खोदून खोदून विचारायची. आम्ही बौद्ध आणि तुम्ही ब्राह्मण हे मला ठाऊक होतं तसं तुम्हालाही ठाऊक होतं, आणि दोघींपैकी कुणी त्याचा उच्चार करत नव्हतं. मला एखादी गोष्ट टाळायची असली की मी ‘बघू’ म्हणायचे, आणि तुम्ही लाटणं उगारायचात. ‘बघू म्हणजे नाही. नाही म्हणायचंय तर तोंड वर करून नाही म्हण.’

मग पितृपक्षातला तो शनिवार येतो. मी नववीत आहे. नेहमीसारखी मागच्या दाराने येते, वही काखेत, आणि तुम्ही ओल्या साडीत चुलीपुढून वळून हात आडवा धरता. ‘आज आत येऊ नकोस गं. आज ह्यांचं श्राद्ध आहे. पडवीत बस, झालं की हाक मारते.’ तुमचे यजमान लग्नानंतर चारच वर्षांत गेले होते, त्यांचं श्राद्ध करायला बेळगावहून पुतण्या यायचा, हे मी ऐकून होते. आतून वडे तळल्याचा आणि आमसुलाच्या चटणीचा वास येत होता. माझा चेहरा बघून तुम्ही घाईने म्हणालात, ‘अगं, आज कुणीच चालत नाही, माझी सख्खी जाऊसुद्धा नाही.’ ते खरंही असेल. पण मी चौदा वर्षांची होते आणि माझा एक पाय उंबऱ्यावर उचललेला होता. तो मी परत मागे ठेवला. पडवीत बसले नाही. वही घेऊन उन्हातून चालत क्वार्टर्सला आले आणि आईला म्हणाले, बाईंचं डोकं दुखतंय.

संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात. हातात पितळी डबा, त्यात वडे आणि खीर. त्या दोन वर्षांत तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदाच आला होतात, तेही पायी, स्टेशनच्या पलीकडून. आईने डबा उघडून वास घेतला आणि तिच्या लक्षात आलं. आमच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांची फ्रेम होती. श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही, हे आईला वाचता येत नव्हतं, पण कोणती ओळ कुठे आहे ते ती काचेवर बोट ठेवून बिनचूक दाखवायची. ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, श्राद्धाचं आमच्यात चालत न्हाई. राग मानू नगासा.’ तुम्ही म्हणालात, ‘नाही हो, माझंच चुकलं.’ आई इतकी गोंधळली होती की तिने तुम्हाला आत या म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. तुम्ही डबा घेऊन आल्या पावली परत गेलात. मी खिडकीतून बघत होते, आणि आज लाज वाटते पण खरं सांगते, मला बरं वाटलं. फिटंफाट झाली असं वाटलं. पुढच्या शनिवारी तुम्ही काही झालंच नाही अशा थाटात वही उघडलीत, मीही निबंध वाचला, आणि तो विषय पंचवीस वर्षं आपल्या दोघींत तसाच पडून राहिला.

तो निघाला तेव्हा मी काढला, तोही वाईट वेळी. अप्पा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही आलात, मागे सतरंजीवर बसलात, गुडघे दुखत असूनही खुर्ची नाकारलीत. भन्ते गाथा म्हणत होते. ताटात वाटी ठेवलेली होती, आणि दादा आणि मी तांब्या धरून त्या वाटीत पाणी ओतत होतो, वाटी भरून पाणी ताटात सांडेपर्यंत. आईने आमच्या हातांना हात लावला होता. आमच्यात याला जलदान म्हणतात. सगळं आटोपल्यावर तुम्ही फाटकाशी माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि अगदी हळू म्हणालात, ‘तुम्हीही पाणी देताच की गं.’ तुमच्या आवाजात आनंद होता. कुठेतरी आपण दोघी सारख्या निघालो असा. मला तोच सहन झाला नाही. मी म्हणाले, ‘हे पाणी कुणाला पोचवायचं नसतं बाई. आम्ही आत्मा मानत नाही. केलेलं पुण्य वाटून घ्यायचं असतं.’ तुम्ही शिक्षिकाच. विचारलंत, ‘कुणाशी?’ अप्पांचा चष्मा अजून खिडकीत होता. उत्तराऐवजी मी म्हणाले, ‘मला उंबऱ्यावर थांबवून तुम्ही जे दिलंत, ते बरं पोचलं?’ चपला घालायला तुम्हाला फार वेळ लागला. मी हात दिला नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी तुमच्याकडे फिरकले नाही. एकदा बाजारात लांबून दिसलात, मी गल्ली बदलली.

मग धारवाडच्या दवाखान्यातून तुमच्या पुतण्याचा फोन आला, काकू तुमचं नाव काढते म्हणून. मी आले तेव्हा सलाईन बदलणाऱ्या सिस्टरने मला विचारलं, ‘मगळेनरी?’ मुलगी का तुम्ही, असं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही पलंगावरून म्हणालात, ‘हौदु, मगळ.’ हो, मुलगी. सिस्टर गेली. तुम्ही मला जवळ बसवलंत आणि अभ्यास द्यावा तशा आवाजात सांगितलंत, ‘पुतण्या त्याच्या आईबापांना पाणी देईल. मी त्याच्या आठवणीत कशाला राहीन? तर्पणात गुरूलाही पाणी असतं. वर्षातून एकदा, अमावास्येला, दक्षिणेकडे तोंड करून ओंजळभर सोड. चिमूटभर काळे तीळ. मंत्र नको, नुसतं बाई म्हण.’ मी म्हणाले, बायकांनी करायचं नसतं ना हे? तुम्ही म्हणालात, ‘शास्त्राला मी वर गेल्यावर बघून घेते. तू हो म्हण.’ तुमचा हात माझ्या मनगटावर होता, गार. हो म्हणावं तर अप्पांची ती फ्रेम डोळ्यांपुढे, आई डोळ्यांपुढे. ज्या कामापासून मला दूर ठेवलंत ते आता माझ्याच गळ्यात, हा रागही होताच. आणि नाही म्हणावं तर तुम्ही मरत होतात. मी म्हणाले, ‘बघू, बाई.’

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. मग ‘बरं’ म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

दिवस पुतण्याने तीन दिवसांत उरकले. जाताना त्याने माझ्याकडे वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं दिलं. ‘काकूनं तुम्हाला द्यायला सांगितलंय, शेवटच्या दिवशी.’ आत तुमचं तांब्याचं ताम्हण होतं. म्हणजे माझं ‘बघू’ ऐकल्यानंतर तुम्ही ते सांगितलंत. मी ते पुन्हा तसंच बांधून बारा वर्षं कपाटावर ठेवलं. घर बदललं तेव्हा आणलं, पण पुडकं उघडलं नाही. मला वाटायचं, तुम्ही मला शेवटपर्यंत सोडत नाही आहात. हटून बसला आहात. या वयात, मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर, मला दुसरंच वाटायला लागलं आहे. तुमच्या घरातला तो एकच दिवस माझ्यासाठी बंद होता. आणि शेवटी तुम्ही तोच माझ्या हाती देत होतात, शास्त्राची पर्वा न करता. माफी मागणं तुम्हाला जमत नसे. चुकीचं उत्तर तुम्ही कधी खोडत नव्हता, खाली बरोबर लिहून दाखवायचात. तुम्ही ते लिहून दाखवत होतात आणि मी भांडत होते. बाई, मला फार उशिरा कळलं. तुम्ही जिवंत असताना कळायला हवं होतं.

आज सकाळी ताम्हण काढलं. काळंठिक्कर पडलं होतं, चिंचेने घासलं. आई आता माझ्याकडेच असते. डोळ्यांनी अधू झाली आहे, पण भांड्याचा आवाज तिला कळतो. ‘कसलं गं?’ म्हणाली. मी सांगितलं. वाटलं, आता बोलणार. ती म्हणाली, ‘बाई डबा घिऊन परत गेलेली मी काय इसरले न्हाई. साधं पाणीबी इचारलं न्हाई मी.’ आणि चाचपडत येऊन माझ्या शेजारी खाली बसली. ताम्हणात वाटी ठेवली. तांब्या मी धरला, आईने माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि आमच्यात म्हणतात ती गाथा म्हणत मी पाणी ओतलं, वाटी भरून ते ताम्हणात सांडेपर्यंत. तीळ घातले नाहीत. तेवढं मला जमलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, पुढेही जमणार नाही. तुम्ही आहात असं मला अजून वाटत नाही. हे पाणी तुमच्या रीतीचं नव्हतं, आमच्या रीतीचं होतं, आणि आईची तशीच समजूत आहे.

हे पत्र घडी करून ताम्हणाबरोबर परत वर ठेवणार आहे, कारण टाकायला पत्ता नाही. एक मात्र आईला सांगितलेलं नाही. बैठक मी घातली होती. नेहमी आम्ही खिडकीकडे तोंड करून बसतो, पूर्वेला. आज मी सतरंजी फिरवून घातली. आईला दिसलं नाही. आणि गाथा संपल्यावर, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, मी एकदा बाई म्हणाले.