सूर्यास्तानंतरची गोळी

।। श्री वीतरागाय नमः ।।

निपाणी, ता. १० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आक्कास,
त्रिशलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. फोन असताना हे काय खूळ काढलंय, म्हणशील. पण मी फोन कानाला लावला की पूर्णिमा दाराशी येऊन उभी राहते. फोन आपलं बोलणं तिसऱ्याला सांगतो, असं तिच्या डोक्यात बसलंय. ह्यांच्या तंबाखूच्या वखारीतनं बोलावं, तर तिथं हमालांच्या देखत लेकीचं काय बोलायचं? म्हणून कागद घेतला.

बातमी चांगली आहे. गेल्या वर्षी कॉलेज सोडून घरी आली, कानात माणसं बोलतात म्हणायची, तीच आपली पोर आता माणसांत येऊ लागलीय. तुमच्या बेळगावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी आवाज बारीक झालेत, असं तीच म्हणाली. आणि चातुर्मास बसला त्या दिवशी माझ्याबरोबर आपल्या जैन बस्तीत दर्शनाला आली, मुनी महाराजांपुढं हात जोडून नियम घेतला. दिवस मावळला की तोंडात अन्नाचा कण न्हाय, पाण्याचा थेंब न्हाय. बावीस वर्षांची पोर, आक्का! मला रडूच आलं. सासूबाई असत्या तर त्यांनी गल्लीभर पेढे वाटले असते.

रात्री झोपतानाची गोळी त्यामुळं महिनाभर बंदच आहे. मी पण जोर केला न्हाय. नियम मोड, असं आईनंच कसं सांगायचं? देवाकडं वळलेल्या पोरीला गोळी कशाला, असंही मनात येतं. फक्त चार दिवस झाले, तिला झोप न्हाय. खिडक्या लावून बसते. हवा दमट आहे, त्यानं असेल.

तुझ्या गुडघ्याचं कळव. भावजींना नमस्कार. माझ्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
त्रिशला

---

शहापूर, बेळगाव, ता. १४ ऑगस्ट

चि. सौ. त्रिशलास,
तारामतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. अगं शहाणे, झोप उडते, खिडक्या लावते, गेल्या वर्षी असंच सुरू झालं होतं, विसरलीस व्हय? गोळी बंद करायचं डॉक्टरांना विचारलंस का? न्हाय विचारलंस. मला ठाऊक आहे. लहानपणी दाढ दुखली तरी कुणी रागावेल म्हणून गप्प बसायचीस, ती तूच.

आमच्या बोळात रचना म्हणून मुलगी राहते. अशा आजारी पोरांच्या घरच्यांसाठी ती दर गुरुवारी दुपारी फोनवर मीटिंग घेते. आईबाप आपापल्या घरनं बोलतात, तोंड दाखवायची सक्ती न्हाय. मी तिला स्पष्ट सांगितलं, बाई, आमच्यात घरचं चव्हाट्यावर मांडत न्हाईत. झाकली मूठ बरी. पोरीचं लग्न व्हायचंय. तरी नंबर पत्राच्या पाठीमागं लिहिलाय, पुढं तुझी मर्जी.

माझं ऐकशील तर साधं काम कर. गोळी खलबत्त्यात बारीक कुट आणि संध्याकाळच्या ताकात घाल. दिवस मावळायच्या आत पोटात गेली, म्हणजे नियम पण राहिला आणि औषध पण. तिला सांगायची गरज न्हाय. आपली आई कडू औषध गुळात लपवून देत नव्हती?

आमच्या मागावर जांभळ्या काठाचं लई देखणं पातळ उतरलंय, तुझ्यासाठी ठेवलंय. तुझ्या घरात माझा जीव अडकलेला असतो, तेवढं ध्यानात ठेव.

तुझी आक्का,
तारामती

---

निपाणी, ता. २ सप्टेंबर

तीर्थरूप आक्कास,
त्रिशलाचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. नऊ दिवस ताक पिऊन ती झोपली. मी म्हटलं, आक्काची अक्कल कामाला आली. दहाव्या दिवशी तिनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. ताक कडू लागतंय, काय घातलंस, म्हणाली. काही न्हाय म्हटलं. तिनं परत विचारलं. ऐन दशलक्षण पर्वात, आक्का, शास्त्राच्या पोथीवर हात ठेवून मी खोटी शपथ घेतली.

त्या संध्याकाळपासनं ती घरचं खात न्हाय. आज पाचवा दिवस. बाजारातनं केळी आणते, स्वतः सोलून खाते. पाणी नळाला ओंजळ लावून पिते. गोळीचं पाकीट भिरकावून दिलं. आईनं विष घातलंय, असं कानातले आवाज तिला सांगतात. डॉक्टर म्हणाले घेऊन या, पण ती गाडीत बसत न्हाय. हे म्हणाले, चार माणसं बोलावून धरून नेऊ. मी त्यांचे पाय धरले. एकदा धरून नेली तर ही पोर जन्मात माझ्या हातचं खाणार न्हाय. थोडे दिवस थांबतो म्हणालेत.

तुझ्यावर रागावले न्हाय, असं लिहिणार होते. पण रागावले आहे. हात माझाच होता, तरी रागावले आहे. झाकून ठेवून काय मिळालं गं आपल्याला? रचनाला मेसेज टाकलाय. परवा गुरुवारी वखारीत बसून बोलणार. हमाल ऐकोत न्हायतर अख्खी निपाणी ऐको.

राग आहे म्हणून माया आटली असं समजू नकोस.

त्रिशला

---

निपाणी, ता. ९ सप्टेंबर

तीर्थरूप आक्कास,
त्रिशलाचा शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी वखारीत पोत्यांच्या आड बसले. तंबाखूच्या भुकटीनं एकसारख्या शिंका. रचनानं विचारलं, सर्दी झालीय का? मी म्हटलं, न्हाय, तंबाखू झालीय. सगळे हसले, मी पण हसले. किती महिन्यांनी हसले, देव जाणे.

अकरा माणसं होती. कुणी मराठीत बोलत होतं, कुणी कन्नडमध्ये. मी ताकाचं सांगितलं आणि वाटलं, आता जोडे पडणार. तर खानापूरकडचे मारुतीराव म्हणून एक गृहस्थ बोलले. त्यांनी मुलाच्या चहात गोळी घातली होती. दोन वर्षं झाली, पोरगा अजून घरचा चहा घेत न्हाय, म्हणाले. मग मला आवरलं न्हाय. एकानंही नाव ठेवलं न्हाय गं. रचना एवढंच म्हणाली, आधी पोरीला खरं सांगा, आणि डॉक्टरांना नियमाचं सरळ विचारा.

डॉक्टरांना विचारलं. दोन मिनिटांचं काम होतं. म्हणाले, संध्याकाळी साडेपाचला जेवणाबरोबर घेऊ दे, आधी का न्हाय विचारलंत?

खरं सांगणं मात्र चार दिवस जमलं न्हाय. शब्द ओठापर्यंत यायचा आणि मी भाजीला फोडणी द्यायला उठायची. काल क्षमावाणी. बस्तीत सगळे हात जोडून एकमेकांना उत्तम क्षमा म्हणत होते. दरवर्षी मी पण म्हणते, बाजारात भेटल्यावर बरं आहे का विचारावं तसं. घरी आले तर पूर्णिमा पायरीवर बसलेली. तिच्यापुढं फरशीवर बसले, हात जोडले आणि सगळं सांगितलं. ताक, खलबत्ता, शपथ, सगळं.

ती ओरडली न्हाय. म्हणाली, कडू लागलं तेव्हाच मला कळलं होतं. तू न्हाय म्हणालीस. मग मला कळेना, माझं डोकं खोटं बोलतंय का तू. डोकं खरं धरलं, म्हणून त्याचं बाकीचं पण ऐकत गेले.

आक्का, ती इतके दिवस नुसत्या केळ्यांवर राहिली तेव्हा तुटलं नव्हतं एवढं ते ऐकून काळीज तुटलं.

साडेपाचला तिनं नवं पाकीट आपल्या हातानं फोडलं, गोळी बघितली, केळ्याबरोबर घेतली. माझ्या ताटाला हात लावला न्हाय. उद्या बघू, म्हणाली. शुक्रवारी डॉक्टरांकडं यायला तयार झालीय. ही बुद्धी कुणाची, असंही विचारलं. माझीच, म्हटलं. तेवढं एक खोटं ठेवलंय, तुझ्यासाठी. मावशीवर तरी तिचा विश्वास राहू दे.

घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार. माझं चुकलंमाकलं पोटात घाल.

तुझी,
त्रिशला

---

शहापूर, बेळगाव, ता. १२ सप्टेंबर

चि. पूर्णिमास,
तारामती मावशीचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावानं आहे, तूच फोड. लिहिणार म्हणून काल तुझ्या आईला सांगितलं. आधी नको नको म्हणाली, मग म्हणाली, लिही.

ताकात गोळी घालायची अक्कल माझी. मीच तिला लिहिलं, खलबत्त्यात कुट आणि पोरीला सांगू नकोस. तिनं ते आपल्या अंगावर घेतलं, कारण ती माझी धाकटी बहीण आहे आणि लहानपणापासनं माझ्या वाट्याची बोलणी तीच खात आलीय. पण तुझ्या घरात आता एकही खोटं उरायला नको. तू बावीस वर्षांची बाई आहेस, तुला विचारावं, हे माझ्या डोक्यात आलंच न्हाय. मी चुकले. क्षमावाणीला शहापूरभर हात जोडत हिंडले आणि जिच्यापुढं जोडायचे ती राहिली.

काल मी रचनाच्या मीटिंगला बसले. तुझं नाव न घेता, माझं नाव घेऊन, सगळ्यांपुढं हेच सांगितलं.

तू रागावशील. रागाव. बोलू नकोस वाटलं तर बोलू नकोस, मी वाट बघीन. पण राग माझ्यावर काढ, बाळ, तुझ्या आईच्या ताटावर नको. तिच्या हातची भाकरी आता खरी आहे.

तुझ्या मनात मला जागा असेल तेवढी ठेव.

तुझी चुकलेली मावशी,
तारामती