आपल्या रानातला गहू

लुधियाना

दादास पूर्णीचा नमस्कार,

इथली थंडी आता सोसते. आईचे गुडघे खरंच कसे आहेत? फोनवर ती नुसतं बरे म्हणते.

आपल्या गव्हावर तांबेऱ्याचा रोग कधी पडला नाही, म्हणून तुझ्याकडून बी मागवलं. "आपल्याच रानातलं हाय, डोळं झाकून पेर," म्हणालास. मी तसंच पेरलं. इथल्या गव्हाशी संकर केला आणि त्याच्या परागकणांपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवली. अशा रोपात गुण असो वा दोष, काही लपून राहत नाही. आपल्या गव्हाचा गुण घेऊन निम्मी तरी तांबेऱ्यापुढं टिकायला हवी होती. एकही टिकलं नाही.

काल जोतीरामकाका फोनवर म्हणाले, आपल्या रानात कधीपासून नुसता ऊसच आहे. बी दुकानातलं होतं, एवढं सांगायचं होतंस की.

गुडघ्यांमुळं रानाकडं न फिरकलेली आई रोज फोनवर विचारते, "मोठी झाली का गं आपली रोपं?" मी व्हय म्हणते. तुझं खोटं आता माझ्या तोंडून निघतं.

पूर्णी