अनिसेलच्या लग्नाला लागलेलं कार्ड

इलोइलो,
लग्नानंतरचा मंगळवार

प्रिय मानोंग अनिसेतो,

थोरल्या भावाचा मान म्हणून तुझा हात इथूनच कपाळाला लावतो. तुझं जहाज सध्या कुठल्या समुद्रात आहे ठाऊक नाही, पण तुझी कंबर, तुझं इंजिन आणि तुमचा आचारी, तिघंही धड असोत. इकडे सगळे खुशाल. सेलिया वहिनी लेकीच्या लग्नाच्या शिणवट्यानं आडवी झालीय, आणि आपली आत्या तिया पुरिंग ठणठणीत आहे (ती आजारी पडत नाही, पाडते). हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे. मला तुझ्याकडून काहीही नको, हे आधीच सांगून ठेवतो.

तू फोनवर म्हणालास, "बोनिंग, रजा मिळत नाही रे. पण पोरीचं लग्न मला असं दाखव की तिच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसलं पाहिजे." झालं, मी ते मनावर घेतलं. भल्यामोठ्या चित्राचा नवा कॅमेरा आणला, परसातला कोंबडा टिपला आणि कॉम्प्युटरवर लावला, तर तो अर्ध्या आरवण्यातच अडकला. तो पुढे सरकेपर्यंत खरा कोंबडा चरून परत आला. आणि आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. सकाळी चर्चमध्ये लग्न लागलं की संध्याकाळी जेवणावळीत, केक कापायच्या आत, त्याच लग्नाची फिल्म पडद्यावर झळकली पाहिजे. नाही झळकली तर लोक व्हिडिओवाल्याला पुढची सगळी लग्नं तोंडावर हसतात. म्हणजे ग्राफिक्स कार्ड बदलणं आलंच.

कार्ड घ्यायचं म्हटल्यावर सल्ला द्यायला सगळं शहर मोकळं. दातांचे डॉक्टर राफोल्स माझी दाढ कोरता कोरता म्हणाले, "सगळ्यात वेगवान घे! माझ्या खेळात ड्रॅगन आग ओकतो ना, भुवया जळतील अशी!" आपल्या चर्चमध्ये ड्रॅगन कुठून आणू, असं मला विचारायचं होतं, पण तोंडात कापूस होता. दुकानदारानं रंगीत दिवे लुकलुकणारं कार्ड पुढे केलं. दिव्यांचा चित्राला काय उपयोग, विचारलं तर म्हणाला, "खोलीला शोभा येते, सर." शेवटी मन हलकं करावं म्हणून पाद्रे तिमोतेओंकडे पापनिवेदनाला गेलो. गुडघे टेकले आणि म्हटलं, फादर, मला लोभ सुटलाय, उठता-बसता कार्डच दिसतं. जाळीपलीकडे खुर्ची पुढे सरकली. मग आवाज आला, "कॅमेरा कुठला?" (रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेचं प्रक्षेपण तेच करतात, हे मी विसरलोच होतो.) "अरे बाबा, खेळातला वेग घेऊन काय करतोस? कार्डाची स्वतःची मेमरी बघ. मोठ्या चित्राला ती कमी पडली की तुझ्यासारखेच गुडघे टेकतं. आणि तुझ्या कॅमेऱ्याची फाइल त्याला झेपते का, ते दुकानातच लावून बघ, नुसत्या खोक्यावर जाऊ नकोस." आम्ही इतका वेळ बोललो की बाहेर रांग लागली आणि गावात बातमी पसरली, बोनिंगनं काहीतरी भयंकर केलंय.

फादरांनी सांगितलं तसंच घेतलं. पण ते एवढं लांब निघालं की कॉम्प्युटरच्या पेटीचं दार लागेना आणि वजनानं एका बाजूला झुकायला लागलं. मी पुठ्ठा शोधतोय, तोवर तिया पुरिंगनं देवघरातला छोटा सांतो निन्यो आणून कार्डाखाली उभा केला. बाळ येशूच्या मुकुटावर कार्ड अगदी बेताचं टेकलं. आता नवी वस्तू आशीर्वादाशिवाय वापरायची नाही, म्हणून फादर पवित्र पाणी घेऊन आले. ते शिंपडायला लागले तसा मी उघड्या पेटीवर छत्री धरली. तिया पुरिंग ओरडली, "मेल्या, देवाचं पाणी अडवतोस?" फादर हळूच म्हणाले, "धर, धर, नीट धर."

लग्नाच्या दिवशी कार्डानं मात्र कमाल केली. भटारखान्याच्या शेजारच्या खोलीत मी फिल्म जोडत होतो आणि चित्र लोण्यासारखं सरकत होतं. तेवढ्यात तिया पुरिंग मागे येऊन उभी राहिली. "ही कोण म्हातारी?" "तूच की, तिया." "अरे गाढवा, एवढ्या सुरकुत्या मला कधी होत्या? पूस त्या!" मी पुसल्या. ही बातमी बाहेर गेली, आणि लग्नातले मानलेले आईबाप, निनोंग-निनांग (म्हणजे आपण न दुखवलेलं अर्धं शहर) एकेक करून माझ्या दाराशी. कुणाची हनुवटी, कुणाचं टक्कल, कुणाचा तीळ. ज्या कार्डासाठी मी देवाच्या दारात गेलो, त्याची सगळी ताकद कॅमेऱ्यानं इमानानं टिपलेलं झाकण्यात गेली. फिल्म तयार होईना आणि तिकडे निवेदकानं फिल्मचं नाव पुकारलं. मग तू जहाजावरून फोननं पाठवलेली शुभेच्छांची क्लिप लावून वेळ मारून नेली. त्यानंतर फिल्म लागली. सगळ्यांचे चेहरे उकडलेल्या तांदळाच्या पुतोसारखे पांढरे आणि गुळगुळीत. टाळ्या कडाडल्या. तिया पुरिंग सांगत सुटलीय की हा चमत्कार सांतो निन्योचा.

असो. लग्न उत्तम झालं, काही राहिलं नाही. जपून राहा, इंजिनात डोकं घालताना टोपी घाल.

तुझा धाकटा,
बोनिंग

ता. क. फिल्म एवढी जड झालीय की तुमच्या जहाजाच्या इंटरनेटवरून यायची नाही, आणि आली तरी तिथला कॉम्प्युटर माझ्या कोंबड्यासारखाच अडकेल. सिंगापूरला जहाज लागलंच, तर याहून जास्त मेमरीचं एक कार्ड बघ ना. सांतो निन्यो तियाला परत हवाय.

ता. क. २. मानोंग, कार्डाचं राहू दे. वर मी 'वेळ मारून नेली' असं लिहिलंय, ते तसं नव्हतं. तुझी क्लिप एवढ्या मोठ्या पडद्यावर लागली तेव्हा तुझं नाक म्हणजे नुसते तीन चौकोन होते. तू "अनिसेल, बाळा" म्हणालास, पुढचं सगळं वाऱ्यात गेलं. तू हात वर केलास आणि चित्र तिथंच थांबलं. बाप-लेकीच्या नाचाला तिनं तुझ्या जागी कुठल्याच निनोंगला उभं केलं नव्हतं. ती उठली, पडद्यापाशी गेली, तुझ्या त्या चौकोनी हातावर हात ठेवला आणि गाणं सुरू झालं तशी एकटीच डुलत राहिली. तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी आलं. दिवसभरात तेवढंच. जेवणारे हात थांबले, टिपायला फोन एकानंही उचलला नाही. आणि माझा कॅमेरा टेबलावर झाकण लावून पडला होता, कारण मी आत तिया पुरिंगच्या हनुवटीवर काम करत होतो आणि हे सगळं नुसतं दारातून बघितलं. तू एवढी एकच गोष्ट मागितली होतीस आणि तीच माझ्याकडे नाही. म्हणून हे पत्र.

अनिसेलनं गाणं अर्ध्यावर बंद करायला लावलं. म्हणाली, "उरलेलं पापा आल्यावर." डिसेंबरात ये. मी कॅमेरा आणणार नाही.