‘सुई-दोरा’च्या पाटीचा टंक

३ मार्च. सकाळी ८.
हिने कारखान्यातली अठरा वर्षांची शिलाईची नोकरी सोडली. वीस तारखेला स्वतःचं कपडेदुरुस्तीचं दुकान, ‘सुई-दोरा’. पाटीचं काम मी मागून घेतलं. मजकूर दोनच ओळी: वर नाव, खाली फोन नंबर. गिऱ्हाईक त्या नंबरावरच येणार म्हणे. टंक (मुलगी ‘फॉन्ट’ म्हणते) निवडायला एक संध्याकाळ पुरे.

९ मार्च.
बत्तीस टंक पाहिले. बहुतेकांच्या मात्रा आठी घातल्यासारख्या. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवलेला माणूस असल्या अक्षराखाली बायकोला बसवणार नाही. मुलगी म्हणाली, बाबा, पाटी वाचायची असते, तिचा पेपर नसतो सोडवायचा. पिढीचा दोष.

१२ मार्च. दुपारी.
सापडला. अगदी पोथीचं वळण. ‘ऊर्ध्व’, ‘उद्ध्वस्त’, ‘कार्त्स्न्य’ लिहून पाहिलं. कुठेही तोल जात नाही. डोळे भरून आले.
अडचण एकच. ‘सुई-दोरा’त एकही जोडाक्षर नाही. टंकाच्या गुणांना वाव कुठे?

१३ मार्च.
दुकानाचं नाव ‘वस्त्रोद्धार’ ठेवावं, असं हिला सुचवलं. म्हणाली, अहो, उसवलेलं शिवून देणार मी, उद्धार कसला? मग म्हणाली, ठेवा काय ते, पण नंबर मोठा टाका. म्हणजे आवडलं.

१६ मार्च.
छापखानेवाल्याचा नमुना आला. त्यातला ‘द्धा’ नुसता बघत राहावा. खाली दहा चौकोनांची नाजूक नक्षीही त्याने आपणहून दिली आहे. रसिक दिसतो. ‘छापा’ म्हणून कळवलं. मुलीला दाखवलं नाही. तिला नक्षी पटत नाही.

२० मार्च. सकाळी ११.
पाटी चढली. ही खालून बराच वेळ बघत राहिली. कौतुकाने, असं वाटलं. मग विचारलं, नंबर कुठाय?
छापखानेवाल्याला फोन लावला. म्हणाला, सर, त्या फॉन्टमध्ये आकडेच नाहीत, आकड्याच्या जागी चौकोन येतो. तुम्हीच बघून ओके केलंत ना? चूक सरळ त्याची आहे.
शेजारचा चपला दुरुस्त करणारा विचारून गेला, औषधाचं दुकान का?
हिने कापडावर खुणा करायचा चपटा खडू घेतला, निळ्या दारावर हातभर नंबर लिहिला, त्याखाली ‘सुई-दोरा’. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. वळण शाळकरी.

२३ मार्च.
फोन अकरा. एक बाई पँट घेऊन आल्या. म्हणाल्या, दारावरचं वाचून आले. वरती कसलं ऑफिस आहे हो?
खडू पुसट होतो. रोज सकाळी तो ठळक करण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. ‘दोरा’तल्या ‘र’ला थोडं पोथीचं वळण देतो म्हटलं. ही म्हणाली, अहो, वळण राहू द्या. आहे त्यावरूनच गिरवा.

२४ मार्च. सकाळी ७.
गिरवलं. सात दोनदा रेघेबाहेर गेला. हिने पुसून पुन्हा काढून दिला.