शंभर मीटरच्या आत

३ मार्च
काकाने नोकरी दिली. देवमासे दाखवायच्या त्याच्या बोटीवर मी गाईड. दुर्बीण माझ्या गळ्यात घालताना म्हणाला, नजर तुझ्या बाबांची आहे. मी हसले. इतकं गोड हसता येतं मला, हे आजच कळलं.

चार वर्षांपूर्वी बाबांच्या बोटीचा पंखा देवमाशाच्या एका पिल्लाला लागला. बोटीवर दोघे भाऊच होते. आठवड्याच्या आत बंदर कार्यालयात तक्रार! बाबांचा परवाना गेला, गिऱ्हाइकं काकाकडे वळली. गावभर त्याला चुगलखोर म्हणतात, तो चकार शब्द काढत नाही. काय बोलणार?

५ मार्च
बाबा दिवसभर समुद्राकडे पाठ करून बसतात. काकाच्या बोटीवर चाललेय म्हटल्यावर एवढंच म्हणाले, सांभाळून.
मी काकाचं वाटोळं करणार.

११ मार्च
मादी आणि पिल्लू दिसली. नियम शंभर मीटरचा. काकाने तिथेच इंजिन बंद केलं. नियम पाळतो मेला!

१२ मार्च
नुसते डॉल्फिन. दिवस फुकट.

१९ मार्च
जमलं. तीच जोडी. काकाला म्हटलं, पिल्लू कुणाला दिसत नाहीये, घे ना थोडं पुढे. त्याने मान हलवली — नाही. मग मी म्हटलं, "बाबा असते तर गेले असते."
त्याने इंजिन चालू केलं. मग बोट पुढे घेतली. तीस मीटर. मादीने पिल्लाला अंगाआड घेतलं, शेपटी आपटली, सगळे चिंब. प्रवासी टाळ्या पिटत होते. माझ्या मोबाईलवर काका, सुकाणू, पिल्लू — सगळं एकत्र आलं.

२१ मार्च
व्हिडिओ कार्यालयात दिला. माझं बोलणं कापून.

२८ मार्च
काकाचा परवाना रद्द. संध्याकाळी घरी आला, बाबांशेजारी बसला. वाटलं, आता माझ्यावर बरसणार. बाबांना म्हणाला, "दादा, पोरीला रागावू नकोस." चहाला न थांबता गेला. बाबा रडले. मी मात्र पोटभर जेवले.

२९ मार्च
बंदर कार्यालयात तक्रारीच्या कागदांवर सही करायला गेले होते. कारकुनाने जुनी फाईलही काढली, म्हणाला, तुमच्या घराला सवयच दिसतेय. चार वर्षांपूर्वीची तक्रार होती. दोनच ओळी.
'माझ्या हातून पिल्लू मेलं. मला पुन्हा बोट चालवू देऊ नका.'
अक्षर बाबांचं. खाली सहीही.