पायाळू

घिवली,
१२ फेब्रुवारी १९६७

प्रिय बळवंत,

तुझं पत्र पोचलं. कुशीवर वळायला आता एकच माणूस पुरतो, हे वाचून बरं वाटलं. इकडे वीजघराच्या भिंती तू पाहिल्यास त्याच्या दुप्पट उंच झाल्या आहेत. परांचीला नवे दोर आले. तुझी खाट मी भिंतीशी उभी करून ठेवली आहे. ती कुणाला दिलेली नाही.

मागच्या आठवड्यात जमुनामावशी आली, तुला सुकट आणून द्यायची ती. कमरेत उसण भरली होती. मी पायाकडून जन्मलो हे तूच गावभर केलंस, त्यामुळे उसण भरली की सगळे माझ्याच दारात. मावशी उंबऱ्याशी पालथी पडली. मी पाय लावायला नाही म्हणालो. म्हणाली, एवडा मोटा जालास का रं, लात मारायला पन तुला सायबाचा कागद लागतो? बायका हसल्या. मी तिला एस.टी.त बसवून पालघरला डॉक्टरांकडे नेलं.

त्यांच्या टेबलावर माणसाच्या पाठीचे मणके होते, खरे, तारेत ओवलेले. मी बघत राहिलो तेव्हा त्यांनी माळ माझ्या हातात दिली. मानेत सात, पाठीत बारा, कमरेत पाच. खाली पाच एकमेकांत मिसळून एकच हाड झालेलं, आणि शेवटी शेपटीचं टोक. कणा वाशासारखा सरळ असेल असं मला वाटायचं. तसा तो नसतो. मानेत पुढे, पाठीत मागे, कमरेत पुन्हा पुढे वळतो, म्हणून चालण्याचे हिसके डोक्यापर्यंत पोचत नाहीत. दोन मणक्यांमध्ये चिवट गादी असते. ती दिवसभर दबते, निजलं की फुगते. माणूस सकाळी थोडा उंच असतो म्हणे. यावर तू आणि मी आठवडाभर भांडलो असतो.

प्रत्येक मणक्याला मागे भोक असतं. भोकावर भोक येऊन नळी होते. तिच्यातून करंगळीएवढी मऊ दोरी जाते. पायाला हुकूम तिच्यातून जातो, पायाची जाणीव तिच्यातूनच वर येते. मी नळीत बोट घालून पाहिलं. ते सहज गेलं.

मग मी तुझं सांगितलं, नाव न घेता. परांचीवरून पडला, पण आमच्या खांद्यावर हात टाकून खोलीपर्यंत चालत आला. पायाची बोटं हलत होती. डॉक्टर म्हणाले, म्हणजे तेव्हा नुसतं हाड फुटलं होतं, दोरी शाबूत होती. फळीवर सपाट निजवून आणायचा होता. तुम्ही काय केलंत? मी म्हणालो, उसण समजून पायाळूचा पाय लावला, तीन वेळा. त्यांनी माळ माझ्या हातातून काढून घेतली. कुणाचा पाय, असं विचारलं. मी म्हणालो, आमच्यातल्याच एकाचा.

त्या दिवशी तिसऱ्यांदा पाय दिला तेव्हा तू म्हणालास, वामन, आता दुखत नाही. आपण दोघं हसलो. नंतर तुला उठता आलं नाही. पडल्याचा मार उशिरा वर आला, असं सगळे म्हणाले. मुंबईच्या दवाखान्यात पायाचं सांगू नका, डॉक्टर आपल्याला अडाणी म्हणतील, असं मी म्हणालो होतो. कुणी सांगितलं नाही.

झुंबरनं काम सोडलं आहे. परांचीची फळी बांधायची त्याच्याकडे होती, ती त्यानं बांधली नाही, हे तो कुणापासून लपवत नाही. त्याचं तोंड पाहणार नाही असं तू लिहिलंस. ते पत्र त्यानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दोन्ही वेळा मी ते शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्या पायाचं सांगितलं नाही. पडलास तो त्याच्या फळीवरून. पाय गेले ते माझ्यामुळे. कालच त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, बळवंताला सांग, मला सांगून काय. म्हणून हे पत्र. पुढच्या रविवारी तो तुझ्याकडे येतो आहे. त्याला भेट. मीही त्याच्याबरोबर येईन, पण आत येणार नाही. दवाखान्याच्या फाटकाशी थांबेन. तुमचं बोलणं झालं की मला बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
वामन